व्हीएमच्या डिस्क फाइलला पक्कं कुलूप: जुनं एन्क्रिप्शन काढून लक्स कसं बसवायचं

मागच्या उन्हाळ्यात नवी पेठेतल्या एका सूत व्यापाऱ्याच्या दुकानातून भर दुपारी फोन आला, "अहो ते आतलं विंडोज उघडंना झालंय, जीएसटीची तारीख जवळ आलीय, लगेच या." सोलापुरात मे महिन्यात दुपारी दोनला कोण बाहेर पडतं, पण गेलो, कारण ती मांडणी माझीच होती. जुना डेस्कटॉप, त्यावर उबंटू नावाचं लिनक्स, आणि त्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम करून विंडोज, त्यात हिशोबाचं सॉफ्टवेअर. २०१५ ला करून दिलं होतं, तेव्हा उबंटू १४.०४ होतं आणि मी शहाणपणानं व्हीएमची डिस्क फाइल (त्या विंडोजची अख्खी हार्ड डिस्क ज्या एका फाइलमध्ये असते ती) एन्क्रिप्ट पण करून दिली होती, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी. शेठच्या पुतण्यानं आदल्या रात्री उबंटू एकदम नवीन टाकलं, डिस्क फाइल मात्र जपून बाजूला ठेवली होती, पोरगा हुशार. पण व्हीएम सुरू करायला गेलं की एकच एरर, की असलं एईएस (कुलूप लावायची एक गणिती पद्धत) एन्क्रिप्शन असलेली क्यूकाऊ-टू (व्हीएमच्या डिस्क फाइलचा एक प्रकार) फाइल आता एम्युलेटर (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) चालवणार नाही.

ते बरोबरच आहे. क्यूईएमयू म्हणजे तोच एम्युलेटर, त्याच्या लोकांनी ते जुनं एन्क्रिप्शन मुद्दाम बंद केलंय, आणि त्याचं कारण कळलं तेव्हा मलाच माझी लाज वाटली. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय. ज्यांच्याकडं लिनक्सवर केव्हीएम (लिनक्समधलीच व्हीएम चालवायची सोय) आहे, व्हीएमची फाइल क्यूकाऊ-टू आहे, आणि ती एकतर जुन्या पद्धतीनं एन्क्रिप्ट केलीय किंवा अजिबातच केलेली नाही, त्यांच्यासाठी. व्हर्च्युअलबॉक्स (व्हीएम चालवायचा दुसरा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांचं पण पुढं थोडं आहे.

आधी जुन्यात खोट काय ते बघू. जुनं क्यूकाऊ-टू एन्क्रिप्शन म्हणजे एईएस १२८ बिट, सीबीसी मोडमध्ये (तुकड्याला तुकडा साखळीसारखा जोडत जायची रीत). १२८ बिट ऐकून वाटतं की आकडा लहान म्हणून कच्चं, तसं अजिबात नाही, १२८ बिटचं एईएस अजून कुणी सरळ फोडलेलं नाही. खरी गंमत पासवर्डची आहे. तुम्ही जो पासवर्ड टाकला तीच चावी, जशीच्या तशी. त्याच्यावर काही दळण-कांडण नाही, मीठ-मसाला नाही. १६ अक्षरांपेक्षा मोठा असला की पुढचा भाग सरळ कापून टाकायचा, लहान असला की मागं शून्यं भरायची, झाली चावी तयार. म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढं साल असा पासवर्ड असेल (होता, सांगायला लाज कसली) तर चोराला १२८ बिट फोडायची गरजच नाही, त्यानं नुसती नावं आणि सालं ट्राय करत बसायचं, आणि प्रत्येक ट्रायला कॉम्प्युटरला वेळ लागतो जवळपास शून्य. वर आणखी, प्रत्येक सेक्टरचा (डिस्कच्या छोट्या तुकड्याचा) आयव्ही, म्हणजे कुलूप लावताना सुरुवातीला मिसळायचा आकडा, हा सेक्टरच्या नंबरावरूनच निघतो, म्हणजे आधीच सांगता येतो, त्यामुळं कुणी तुमच्या डिस्कमध्ये ठरवून बनवलेली फाइल घुसवली तर ती तिथं आहे हे बाहेरून ओळखता येतं. आणि पासवर्ड बदलायचा तर अख्खी फाइल परत लिहायची. एवढं सगळं.

लक्स म्हणजे लिनक्समधली डिस्क एन्क्रिप्ट करायची ठरलेली पद्धत, तिचं तसं नाही. शेठला सांगितलं लक्स बसवतो तर ते म्हणाले, "आंघोळीचा साबण का काय?" म्हणलं तसंच समजा, स्वच्छ काम होईल. लक्समध्ये खरी चावी मशीन स्वतः रँडम बनवतं, तुमचा पासवर्ड त्या चावीला गुंडाळायला वापरतात, आणि पासवर्डपासून ते गुंडाळायचं कापड विणताना पीबीकेडीएफ-टू नावाची प्रोसेस तो पासवर्ड लाखो वेळा फिरवते, म्हणजे चोराला प्रत्येक ट्रायला तेवढं फिरवावं लागतं. अशा गुंडाळलेल्या चाव्या ठेवायला आठ खाचा असतात, म्हणजे एकाच डिस्कला आठ वेगवेगळे पासवर्ड ठेवता येतात, आणि एक बदलला तर डेटाला हात लावावा लागत नाही. क्यूईएमयूमध्ये लक्स आलं २.६ व्हर्जनला २०१६ मध्ये, आणि क्यूकाऊ-टूच्या आत लक्स आलं २.१० ला, २०१७ मध्ये. म्हणजे आज जो कुणी नवीन लिनक्स वापरतोय त्याच्याकडं हे आहेच. काही सांगितलं नाही तरी एईएस २५६, एक्सटीएस मोड (डिस्कसाठीच बनवलेली रीत), एसएचए २५६ हेच घेतं, त्यामुळं सायफरच्या (एन्क्रिप्शनच्या पद्धतीच्या) ऑप्शनमध्ये बोटं घालू नका, डिफॉल्ट चांगलाय.

चला आता कामाला. कमांड मी फोनवर सांगतो तशा लिहितोय, तुम्ही टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरात टाइप कराल. व्हीएम पूर्ण बंद पाहिजे, पॉज नाही, सस्पेंड नाही, बंद. चालू व्हीएमच्या डिस्क फाइलवर हे केलं तर दुसऱ्या दिवशी रडायला माझ्याकडं येऊ नका.

पहिल्यांदा बघा की आपल्याकडं नक्की काय आहे:

क्यूईएमयू-आयएमजी इन्फो दुकान.क्यूकाऊ२

यात एन्क्रिप्टेड येस दिसलं आणि खाली फॉरमॅट एईएस दिसला की तुम्ही माझ्यासारखेच. एन्क्रिप्टेडची ओळच नसेल तर फाइल उघडी आहे. लक्स दिसला तर सायफर काय, मोड काय, कुठली खाच वापरात आहे, किती वेळा फिरवलंय हे सगळं खाली येतं. एक गोष्ट ध्यानात घ्या, ही माहिती बघायला पासवर्ड लागत नाही. म्हणजे फाइल ज्याच्या हातात पडेल त्यालाही डिस्क केवढी आहे, मागं बॅकिंग फाइल कुठली आहे हे दिसणारच, फक्त आतला डेटा दिसणार नाही.

बॅकिंग फाइलचं नाव दिसलं तर थांबा. काही लोक एक मूळ विंडोजची फाइल ठेवतात आणि त्याच्यावर पातळ थर टाकून चार व्हीएम चालवतात. अशा वेळी वरचा थर एन्क्रिप्ट केला म्हणून खालची फाइल एन्क्रिप्ट होत नाही, प्रत्येक थराचं कुलूप वेगळं. कन्व्हर्ट केलं (म्हणजे जुनी फाइल वाचून नवी लिहिली, आपण पुढं तेच करणार आहोत) की मात्र सगळे थर एकत्र होऊन एकच फाइल बनते, त्यामुळं आपल्या पद्धतीत हा प्रश्न आपोआप सुटतो, जागा तेवढी जास्त लागते. आणि फाइलच्या आत घेतलेले स्नॅपशॉट (व्हीएमची त्या-त्या वेळची जपलेली अवस्था) कन्व्हर्टमध्ये येत नाहीत, फक्त आत्ताची अवस्था येते. कुठला जुना स्नॅपशॉट खरंच हवा असेल तर आधी त्याची सोय बघा.

जागा: जुनी फाइल आणि नवी फाइल दोन्ही एकाच वेळी मावल्या पाहिजेत. शेठची फाइल ७० जीबीची होती, डिस्कवर ४० जीबी रिकामी, मग घरून एक्स्टर्नल डिस्क आणली. आणि यूपीएस लावा. सोलापुरात मे महिन्यात लाइटचा भरवसा धरायचा नाही. लाइट गेली तरी जुनी फाइल शाबूत राहते कारण कन्व्हर्ट तिला फक्त वाचतं, अर्धवट नवी फाइल उडवायची आणि परत पहिल्यापासून सुरू करायचं, पण पाऊण तास वाया जातो आणि तेवढ्यात शेठ तीनदा येऊन विचारतात, "काय करूलालास बे अजून?"

आता पासवर्ड. सगळ्यात जास्त डोकं इथं घालवा. २५६ बिटच्या नादात लोक सायफर बदलतात आणि पासवर्ड ठेवतात मोबाइल नंबर. अशानं काय उपयोग. तुमच्या मनानं सुचलेला शब्द नको, फासे टाकून निघालेले शब्द घ्या. पद्धत सोपी आहे, ७,७७६ शब्दांची यादी घ्यायची (हा आकडा म्हणजे पाच फाशांचे सगळे प्रकार), पाच फासे टाकायचे, जो नंबर येईल तो शब्द. एका शब्दामागं साधारण १३ बिट मिळतात, असे सहा शब्द घेतले की ७७ बिट, आणि लक्सनं लाखो वेळा फिरवल्यावर तेवढं दुकानाला, सीएला, वकिलाला भरपूर झालं. माणसानं स्वतः निवडलं की काय होतं बघा, मी शेठला म्हणलं चार शब्द सांगा कुठलेही, तर म्हणाले चादर, टॉवेल, सिद्धेश्वर, शेंगा. सोलापुरातला कुठलाही चोर पहिल्या दहा मिनिटात हेच टाकणार! शेवटी सापशिडीच्या डब्यातले फासे काढले. आमच्याकडं घरात तेलुगू, बाजारात मराठी, अक्कलकोटकडं गेलं की कन्नड, त्यामुळं तिन्ही भाषांतले शब्द इंग्रजी अक्षरात लिहून स्वतःची यादी करायचा मोह होतो, करा की, पण यादी मोठी पाहिजे आणि निवड फाशांनीच.

पासवर्ड कमांडमध्येच लिहू नका, तो टर्मिनलच्या हिस्टरीत राहतो आणि चालू प्रोसेसच्या यादीत इतरांना दिसतो. एका छोट्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल रॅममध्ये ठेवा, लिनक्समध्ये डेव्ह-एसएचएम नावाचं फोल्डर असतं ते रॅमवरच असतं, मशीन बंद केलं की गायब. फाइल बनवायच्या आधी यूमास्क ०७७ मारा म्हणजे दुसऱ्या युजरला वाचता येणार नाही.

आणि इथं तो खड्डा आहे ज्यात मी पडलो. साध्या इको कमांडनं फाइल बनवली की शेवटी एक न्यूलाइन अक्षर चिकटतं. ते डोळ्याला दिसत नाही. क्यूईएमयू फाइलमध्ये जे आहे ते सगळं पासवर्ड धरतं, न्यूलाइनसकट. मग नंतर तुम्ही तोच पासवर्ड हातानं टाइप केला की म्हणतं चुकीचा. मी अर्धा तास कीबोर्डला शिव्या देत बसलो, शेठनं दुसरा कीबोर्ड पण आणून दिला बिचाऱ्यांनी. म्हणून इको डॅश एन वापरा नाहीतर प्रिंटएफ वापरा, आणि मग डब्ल्यूसी डॅश सी मारून बघा, अक्षरं जेवढी तेवढेच बाइट आले पाहिजेत. एक जास्त आला की समजायचं चिकटलं. जुन्या पासवर्डच्या फाइललाही हेच लागू.

दोन फाइल झाल्या, जुन्या पासवर्डची आणि नव्याची. आता मुख्य कमांड, ही सगळी एकच ओळ आहे, मी तोडून लिहितोय:

क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट -पी
--ऑब्जेक्ट सीक्रेट,आयडी=जुना,फाइल=जुना.टीएक्सटी
--ऑब्जेक्ट सीक्रेट,आयडी=नवा,फाइल=नवा.टीएक्सटी
--इमेज-ऑप्ट्स
-कॅपिटल ओ क्यूकाऊ२
-स्मॉल ओ एन्क्रिप्ट.फॉरमॅट=लक्स,एन्क्रिप्ट.की-सीक्रेट=नवा
ड्रायव्हर=क्यूकाऊ२,फाइल.फाइलनेम=दुकान.क्यूकाऊ२,एन्क्रिप्ट.फॉरमॅट=एईएस,एन्क्रिप्ट.की-सीक्रेट=जुना
दुकान-नवी.क्यूकाऊ२

डॅश पी म्हणजे किती टक्के झालं ते दाखव. दोन ऑब्जेक्ट म्हणजे दोन पासवर्ड कुठून वाचायचे ते. इमेज-ऑप्ट्स म्हणजे जुन्या फाइलचं नुसतं नाव देत नाही, सविस्तर पत्ता देतोय, असं तिला सांगणं. कॅपिटल ओ नव्या फाइलचा प्रकार आणि स्मॉल ओ तिचे ऑप्शन, या दोघांत गल्लत करू नका, मी करतो दरवेळी. मजेची गोष्ट म्हणजे एम्युलेटर जुनं एईएस चालवत नाही पण हे आयएमजी टूल अजून ते वाचतं, खास यासाठीच ठेवलंय की लोकांना त्यातून डेटा बाहेर काढता यावा. ज्यांची जुनी फाइल उघडीच आहे त्यांनी जुन्या सीक्रेटची ओळ आणि इमेज-ऑप्ट्स दोन्ही काढायचं आणि नुसतं फाइलचं नाव द्यायचं, बाकी सेम.

आणखी कडक हवं असेल तर स्मॉल ओच्या यादीत एन्क्रिप्ट.आयटर-टाइम=५००० जोडा. हा आकडा मिलिसेकंदात आहे, डिफॉल्ट २००० म्हणजे दोन सेकंद. पासवर्ड तपासायला या मशीनवर साधारण तेवढा वेळ लागेल इतक्या वेळा फिरवतं. त्यात मेख अशी की वेळ मोजली जाते ज्या मशीनवर फाइल बनते तिथं. तुमच्या दणकट डेस्कटॉपवर पाच सेकंद लावले आणि फाइल नेली दुकानातल्या म्हाताऱ्या मशीनवर तर तिथं पंधरा-वीस सेकंद पण लागतील, आणि लोक म्हणतील हँग झालं. एकदाच लागतात, सुरू होताना, नंतर नाही.

स्पीडचं सगळे विचारतात. प्रोसेसरमध्ये एईएसची सोय असेल तर फारसा फरक कळत नाही. एलएससीपीयू कमांड मारा आणि फ्लॅग्सच्या जंजाळात एईएस शब्द शोधा. सापडला तर विषय संपला. नाही सापडला तर मशीन बहुतेक फार जुनं आहे, आणि मग एन्क्रिप्शनच्या आधी मशीनचं बघा.

कन्व्हर्ट झालं की लगेच जुनी फाइल उडवू नका. क्यूईएमयू-आयएमजी कम्पेअर नावाची कमांड आहे, तिला पण दोन्ही सीक्रेट आणि इमेज-ऑप्ट्स द्यायचे, मग दोन्ही फाइलींचे सविस्तर पत्ते, नव्यासाठी फॉरमॅट लक्स. आतला डेटा एक-एक बाइट जुळवून बघते आणि इमेजेस आर आयडेंटिकल म्हणते. परत तेवढाच वेळ जातो. तेवढ्यात मी समोरच्या गाड्यावर उसाचा रस पिऊन आलो.

आता लिबव्हर्ट, म्हणजे व्हीएम सांभाळणारी सिस्टिम, आणि तिची खिडकी म्हणजे व्हर्ट-मॅनेजर, यात ही फाइल जोडायची. लिबव्हर्टला पासवर्ड सीक्रेट म्हणून द्यावा लागतो. एक छोटी एक्सएमएल फाइल लिहायची, त्यात सीक्रेट टॅग, त्याला इफेमरल आणि प्रायव्हेट असे दोन गुण, आत यूसेज टाइप व्हॉल्यूम आणि डिस्क फाइलचा पूर्ण पाथ. व्हर्श (लिबव्हर्टची कमांड) सीक्रेट-डिफाइन केलं की एक लांबलचक यूयूआयडी (ओळख नंबर) मिळतो, तो कॉपी करून ठेवा. मग व्हर्श सीक्रेट-सेट-व्हॅल्यू, यूयूआयडी, आणि --इंटरॅक्टिव्ह, पासवर्ड विचारेल, टाका. मग व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये डिस्कच्या सोर्स टॅगच्या आत एन्क्रिप्शन टॅग, फॉरमॅट लक्स, आणि त्याच्या आत सीक्रेट टॅग, टाइप पासफ्रेज, तो यूयूआयडी. व्हर्ट-मॅनेजरमध्ये एक्सएमएल बदलायची परवानगी आधी प्रेफरन्सेसमधून चालू करावी लागते. जुन्या व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये एन्क्रिप्शनचा फॉरमॅट क्यूकाऊ असा लिहिलेला सापडेल, तो काढून लक्स करा, तो तसाच राहिला तर परत जुन्याच एररवर येऊन बसाल.

इफेमरलला नो दिलं की लिबव्हर्ट पासवर्ड डिस्कवर साठवतो, ईटीसी-लिबव्हर्ट-सीक्रेट्स या फोल्डरमध्ये, आणि आजवरच्या बहुतेक व्हर्जनमध्ये तो नुसता बेस-६४ करून ठेवलेला असतो. बेस-६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, उलटा करून वाचता येतो, एका कमांडचं काम. म्हणजे चोरानं सीपीयू उचलून नेला तर कुलूप आणि चावी एकाच पिशवीत गेली. म्हणून दुकानाच्या मशीनवर मी इफेमरल येस ठेवतो, म्हणजे पासवर्ड फक्त मेमरीत, मशीन बंद केलं की विसरला. यावर शेठची तक्रार येणारच आणि आली, "रोज सकाळी सहा शब्द कोण टाकणार, मुनीमजी टाकतील का?" मग डेस्कटॉपवर एक आयकॉन करून दिला, डबल क्लिक केलं की पासवर्ड विचारतो, सेट करतो, व्हीएम सुरू करतो. चार दिवसात मुनीमजींना पाठ झाला, आता तो ते स्तोत्रासारखा पुटपुटत टाकतात आणि मला ते पुटपुटणं बंद करायला सांगावं लागतं.

इथपर्यंत फाइलचं काम झालं. पण डिस्क फाइल एन्क्रिप्ट झाली म्हणजे डेटा एन्क्रिप्ट झाला असं नाही, हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं. मुनीमजी सहा वाजता उठले, हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप घेतला, आणि तो गेला कुठं? व्हीएमच्या शेअर्ड फोल्डरमधून सरळ बाहेरच्या उबंटूच्या डेस्कटॉपवर, आणि तिथून पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात. नऊ वर्षं रोज. आत मी एईएस २५६ लावत बसलोय आणि सगळा उधारीचा हिशोब उघडा खिशात घालून माणूस बसनं घरी जातोय! मी काही बोललो नाही, चहा मागवला.

तर आजूबाजूच्या जागा शोधा. पहिली म्हणजे असे बॅकअप. आम्ही पेन ड्राइव्हच लक्सनं एन्क्रिप्ट केला, लिनक्सच्या डिस्क्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये फॉरमॅट करताना पासवर्डचा ऑप्शन असतो, फक्त तो ड्राइव्ह मग घरच्या विंडोजवर सरळ उघडत नाही, ते आधीच सांगून ठेवा. दुसरी म्हणजे व्हीएम सेव्ह करणं. व्हर्ट-मॅनेजरमध्ये शटडाउनच्या मेनूतच सेव्हचा ऑप्शन असतो, तो दाबला की व्हीएमची अख्खी रॅम एका फाइलमध्ये लिहिली जाते, ती एन्क्रिप्ट होत नाही, आणि त्या रॅममध्ये उघडी असलेली हिशोबाची पानं असतात. काही डिस्ट्रोत (लिनक्सच्या प्रकारांत) तर मशीन बंद करताना लिबव्हर्ट-गेस्ट्स नावाची सर्व्हिस हे आपणहून करते, तिच्या सेटिंगमध्ये ऑन-शटडाउनला शटडाउन लिहा, सस्पेंड नको. तिसरी म्हणजे बाहेरच्या मशीनचा स्वॅप, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा. रॅम कमी पडली की व्हीएमची पानं तिथं जातात.

आणि जुनी फाइल. ती आता कच्च्या कुलपाची किंवा बिनकुलपाची कॉपी आहे, म्हणून ती खरंच गेली पाहिजे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर श्रेड कमांड वरून लिहून टाकते, साध्या फाइल सिस्टिमवर चालतं. एसएसडीवर मात्र श्रेडवर विसंबू नका, एसएसडी नवीन लिखाण दुसऱ्याच जागी करतो आणि जुनं तसंच पडून राहू शकतं, बीटीआरएफएससारख्या फाइल सिस्टिमवरही तीच गत. या सगळ्याला खरा उपाय म्हणजे बाहेरचं उबंटू टाकतानाच पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणं, मग स्वॅप, सेव्ह, जुनी फाइल सगळं त्याच्या आत येतं. मग व्हीएमच्या फाइलचं वेगळं कुलूप कशाला, असं कुणी विचारेल. फाइल जेव्हा मशीनबाहेर जाते ना, एक्स्टर्नल डिस्कवर, सीएच्या ऑफिसात, क्लाउडवर, तेव्हा बाहेरच्या डिस्कचं कुलूप तिच्यासोबत जात नाही. आमच्याकडं त्या जुन्या फाइलच्या चार कॉपी निघाल्या. एक दुकानात, एक शेठच्या घरी कपाटात, एक माझ्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, आणि एक होटगी रोडच्या गोडाऊनमधल्या एका बंद पडलेल्या मशीनमध्ये, तिची तर कुणाला आठवणच नव्हती.

पासवर्ड पुढं बदलायचा असेल, समजा मुनीमजी काम सोडून गेले, तर क्यूईएमयू ५.१ पासून, म्हणजे २०२० पासून, आयएमजी टूलमध्ये अमेंड कमांडनं होतं. आधी नवा पासवर्ड जोडायचा, एन्क्रिप्ट.स्टेट=ॲक्टिव्ह आणि एन्क्रिप्ट.न्यू-सीक्रेट, मग व्हीएम नव्या पासवर्डनं उघडून खात्री करायची, मगच जुना काढायचा, एन्क्रिप्ट.स्टेट=इनॲक्टिव्ह आणि एन्क्रिप्ट.ओल्ड-सीक्रेट. हा क्रम उलटा करू नका. शेवटचा पासवर्ड काढायला ते सहजी तयार होत नाही, फोर्स लावावं लागतं, आणि फोर्स लावलंत तर तुमचं तुम्ही बघा. पण एक आहे, ज्या माणसाकडं फाइलची जुनी कॉपी आणि जुना पासवर्ड दोन्ही आहे त्याच्यासाठी काहीच बदलत नाही, त्याच्या कॉपीत जुनी खाच अजून आहेच आणि आतली चावी पण तीच. तसा संशय असेल तर अमेंड पुरत नाही, परत कन्व्हर्ट करून नवी चावी बनवा.

व्हर्च्युअलबॉक्सचं थोडक्यात. तिथं डिस्क एन्क्रिप्शन सेटिंग्जमध्ये जनरलच्या आत असतं, एईएस एक्सटीएस १२८ किंवा २५६ निवडता येतं, २५६ घ्या. त्यासाठी एक्स्टेन्शन पॅक टाकावा लागतो, आणि त्याचं लायसन्स वेगळं आहे, घरगुती आणि शिक्षणाला फुकट, धंद्याला नाही, ते वाचून मग दुकानात टाका. दोन गोष्टी तिथं लोकांना माहीत नसतात. एक, एन्क्रिप्शनची गुंडाळलेली चावी डिस्क फाइलमध्ये नसते, ती डॉट व्हीबॉक्स नावाच्या छोट्या सेटिंगच्या फाइलमध्ये असते. नुसती मोठी व्हीडीआय फाइल (तिथली डिस्क फाइल) बॅकअपला घेतली आणि ती चार केबीची फाइल राहिली तर पासवर्ड माहीत असूनही काही उघडणार नाही. दुसरी, अप्लायन्स म्हणून एक्स्पोर्ट केलं की डिस्क उघडी होऊनच बाहेर पडते. म्हणजे "व्हीएम एक्स्पोर्ट करून पाठव की" असं कुणी म्हणालं तर दोनदा विचार करा.

आणि ज्यांना क्यूईएमयूचं लक्स अजून कमी वाटतं त्यांना सांगतो, ते लक्सचं पहिलं व्हर्जन आहे, त्यात आर्गॉन-टू नाही. आर्गॉन-टू पासवर्ड तपासताना भरपूर मेमरी खातं, त्यामुळं ग्राफिक कार्डांची रांग लावून पासवर्ड फोडणाऱ्याचं काम अवघड होतं. ते हवं तर व्हीएमच्या आत लिनक्स असेल तर इन्स्टॉल करतानाच आतून लक्स-टू घ्या. पण सहा शब्द फाशांनी काढलेले असतील तर पीबीकेडीएफ-टूवर माझी झोप उडत नाही. शिवाय हे सगळं डेटा फक्त परक्यानं वाचू नये एवढंच बघतं, कुणी फाइलमध्ये बिघाड केला तर एक्सटीएसला ते कळत नाही.

शेवटचं काम केलं ते कागदाचं. सहा शब्द पेनानं कागदावर लिहिले, पाकिटात घातले, पाकीट चिकटवून शेठच्या बँकेच्या लॉकरमध्ये. फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवायचा नाही. फाइलचं सुरुवातीचं हेडर (ती गुंडाळलेली चावी जिथं असते तो भाग) खराब झालं तर पासवर्ड असूनही सगळं जातं, म्हणून एन्क्रिप्ट केलेल्या नव्या फाइलची एक अख्खी कॉपी वेगळ्या डिस्कवर शेठच्या घरी. आणि ती कॉपी माझ्या लॅपटॉपवर नेऊन, कागदावरचे शब्द बघून, एकदा उघडून पाहिली. तिसरा शब्द घाईत चुकीचा लिहिला गेला होता, एक एच जास्त. कागद फाडून दुसरा लिहिला.